साडेसात हजार फोटो, अकरा ओळी

माझ्या डिस्कवर '०१' नावाची एक फाइल आहे. तिला एक्स्टेन्शन नाही, चिन्ह कोऱ्या कागदाचं. नावापुढे टिंब आणि जेपीजी जोडलं की ती उघडते आणि मांडवाच्या कडेला पडलेला चपलांचा ढीग दिसतो, तोही हललेला. चुलतबहिणीच्या लग्नात काढलेल्या चारशे बारा फोटोंपैकी डिस्कवर हा एकच उरला होता.

बाकीचे चारशे अकरा मीच घालवले. एक-एक फोटो उचलून २०२४ च्या आतल्या ०१ या फोल्डरात टाकणारी छोटी बॅच फाइल, म्हणजे विंडोज ओळीमागून ओळ चालवतं अशा आज्ञांची साधी फाइल, मी लिहिली होती. ०१ हे फोल्डर तयार करायला विसरलो. विंडोजने त्याचा सरळ अर्थ लावला: असं फोल्डर नाही, म्हणजे याला फाइलचं नाव बदलून '०१' करायचं आहे. पहिला फोटो '०१' झाला. दुसराही '०१' झाला, पहिल्याच्या डोक्यावर बसून. असं शेवटपर्यंत. मध्ये एकदाही 'जुनी फाइल घालवू का?' असं विचारलं नाही. मूव्ह ही फाइल हलवायची आज्ञा कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत हाताने टाइप केली तर असं विचारते, पण बॅच फाइलमधून चालवली की विचारत नाही. हे नियमातच लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं. अशा रीतीने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही. कॅमेऱ्याचं कार्ड अजून पुसलेलं नव्हतं, म्हणून काकूंना तोंड दाखवायला जागा राहिली.

तेव्हापासून बॅच फाइल लिहायची माझी पद्धत बदलली. आधी ती नुसती बोलते, काही करत नाही. मग ती दहा फोटोंवर चालते. मग खऱ्या फोटोंवर. ही पद्धत मी गेल्या दिवाळीत सांगलीच्या मामेबहिणीला फोनवरून सांगितली. तिच्या घरच्या तीन फोनमधले साडेसात हजार फोटो एकाच फोल्डरात ओतलेले होते, ते साल-महिन्याच्या फोल्डरांत लावायचे होते. खाली तेच सगळं क्रमाने देतो.

वाचण्याआधी एक करार

फोनवर बोललो तेव्हा आज्ञा मी बोलून सांगत होतो आणि ताई टाइप करत होती. इथेही तसंच समजा. खालच्या ओळी देवनागरीत आहेत, पण टाइप करताना शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे आणि आकडेही इंग्रजीच. बहुतेक शब्द शाळेतलेच आहेत: फॉर, इन, डू, इफ, नॉट, एक्झिस्ट, सेट, कॉल, पॉज, मूव्ह. जे अडतील ते असे. इको म्हणजे ई-सी-एच-ओ. गोटू म्हणजे जी-ओ-टी-ओ, मध्ये जागा नाही. ईओएफ, एमडी, सीडी, डीआयआर ही नुसती अक्षरं. डेलिम्स म्हणजे डी-ई-एल-आय-एम-एस. नाव, कुठे, हलवा हे माझे शब्द आहेत. इंग्रजी अक्षरांत तुम्हाला जसे लिहावेसे वाटतील तसे लिहा, फक्त सगळीकडे सारखेच लिहा. टक्के, टिंब, तिरकी रेघ, अवतरणचिन्हं मात्र दिसतात तशीच, एकही कमी-जास्त न करता. नागमोडी रेघ कीबोर्डवर एस्केपच्या खाली, शिफ्ट दाबून मिळते.

ओळी नोटपॅडमध्येच लिहा. वर्डमध्ये लिहिल्या तर तो सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून सजवतो आणि विंडोजला ती वाकडी चिन्हं कळत नाहीत. तुम्हाला कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने अशा ओळी पाठवल्या तरी अवतरणचिन्हं आधी डोळ्याखालून घाला.

फोटो आधी डिस्कवर आणा

फोन केबलने जोडला की 'धिस पीसी'मध्ये दिसतो, उघडतोही, पण त्याला सी, डी, ई असं अक्षर मिळत नाही. ज्याला अक्षर नाही ते बॅच फाइलला दिसत नाही. त्यामुळे फोनमधले फोटो आधी नेहमीसारखे कॉपी करून डिस्कवर घ्यावे लागतात. फोनमधले मूळ फोटो अजिबात पुसू नका, ते सगळं पार पडल्यावर बघू.

डी ड्राइव्हवर 'फोटो' नावाचं फोल्डर करा आणि त्यात 'आवक', दोन्ही नावं इंग्रजी अक्षरांत. पोस्टाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या टेबलावर असते तशी ही आवक. जे येईल ते इथे पडेल. डी ड्राइव्ह नसेल तर सी चालेल, फक्त 'पिक्चर्स' किंवा 'डेस्कटॉप'मध्ये नको, कारण वनड्राइव्ह चालू असेल तर ती फोल्डर्स त्याच्या ताब्यात असतात आणि मग हजारो फाइल्स हलल्या की ते तासन्‌तास इंटरनेटवर चढ-उतार करत बसतं.

अँड्रॉइड फोनमध्ये कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएम या फोल्डरात असतात. व्हॉट्सअ‍ॅपचे शोधताना लोक हमखास चुकतात: अँड्रॉइड ११ पासून ते 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात 'कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप' असे आत-आत गेले आहेत. तिथे 'व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस' सापडेल आणि त्याच्या आत 'सेंट', म्हणजे तुम्ही इतरांना पाठवलेले. सेंट सहसा आणायची गरज नसते; त्यातले बहुतेक फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरात चांगल्या प्रतीत असतातच.

तारीख नावातच आहे

फाइलच्या गुणधर्मांत दिसणारी तारीख बघून फोटो लावायचा मोह होतो. 'क्रिएटेड'ची तारीख तर सोडूनच द्या: ती फाइल या डिस्कवर केव्हा आली ते सांगते, त्यामुळे आज कॉपी केलेले सगळे फोटो आजचे. 'मॉडिफाइड'ची तारीख कॉपी करताना टिकते, पण बॅच फाइल ती वाचते तेव्हा तुमच्या विंडोजच्या प्रादेशिक मांडणीप्रमाणे वाचते. तुमच्याकडे दिवस आधी, अमेरिकेतल्या भावाच्या लॅपटॉपवर महिना आधी. तुमच्याकडे चाललेली फाइल त्याच्याकडे ५ मार्चचे फोटो मे महिन्यात टाकेल.

त्यापेक्षा फोनने ठेवलेली नावं बघा. व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो असा असतो:

आयएमजी-२०२४०११५-डब्ल्यूए००१२.जेपीजी

आणि बऱ्याच अँड्रॉइड कॅमेऱ्यांचा असा:

आयएमजी_२०२४०११५_१८३०२२.जेपीजी

पहिल्यात आडवी रेघ आहे, दुसऱ्यात खालची रेघ. पण दोन्हीत सुरुवातीला आय, एम, जी आणि एक रेघ अशी चार अक्षरं, मग सलग साल, महिना, दिवस. म्हणजे एकच बॅच फाइल दोघांनाही चालते. पिक्सेल फोनची नावं पीएक्सएल आणि खालची रेघ अशी सुरू होतात, तीही चारच अक्षरं. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनमध्ये पुढे काहीच नसतं, नाव थेट सालापासून सुरू होतं. स्क्रीनशॉटच्या आधी 'स्क्रीनशॉट' हा इंग्रजी शब्द आणि रेघ मिळून अकरा अक्षरं.

एक लक्षात घ्या: व्हॉट्सअ‍ॅपच्या नावातली तारीख तो फोटो तुमच्या फोनवर आल्याची आहे, काढल्याची नाही. काकांनी १९९२ चा फोटो स्कॅन करून काल पाठवला तर तो कालचाच.

पहिली फाइल: रंगीत तालीम

नोटपॅड उघडा आणि या अकरा ओळी लिहा. इथे लांबीमुळे तुटलेल्या दिसल्या तरी प्रत्येक आज्ञा एका ओळीतच हवी.

```
@इको ऑफ
सीडी /डी "डी:\फोटो\आवक" || (पॉज & गोटू :ईओएफ)
फॉर /एफ "डेलिम्स=" %%एफ इन ('डीआयआर /बी /ए-डी आयएमजी-२०??????-डब्ल्यूए*.जेपीजी आयएमजी_२०??????_*.जेपीजी') डू कॉल :हलवा "%%एफ"
पॉज
गोटू :ईओएफ
:हलवा
सेट "नाव=%~एन१"
सेट "कुठे=डी:\फोटो\%नाव:~४,४%\%नाव:~८,२%"
इफ नॉट एक्झिस्ट "%कुठे%" इको एमडी "%कुठे%"
इफ एक्झिस्ट "%कुठे%\%~१" (इको दुबार "%~१" & गोटू :ईओएफ)
इको मूव्ह "%~१" "%कुठे%\"
```

'सेव्ह अ‍ॅज' करताना प्रकार 'ऑल फाइल्स' निवडा आणि नाव तालीम.बॅट द्या, इंग्रजीत. जागा 'फोटो' फोल्डर, आवक नाही. प्रकार बदलायला विसरलात तर फाइल तालीम.बॅट.टीएक्सटी होते आणि डबल-क्लिक केलं की पुन्हा नोटपॅडच उघडतो. एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दाखवायची खूण करून ठेवा, म्हणजे हे डोळ्यांना दिसेल.

आता ओळींबद्दल. सगळ्या समजल्याच पाहिजेत असं नाही, पण काही ओळी का आहेत ते कळलं तर पुढे स्वतः बदल करता येतात.

दुसरी ओळ आवकमध्ये जाते. दोन उभ्या रेघांचा अर्थ 'हे जमलं नाही तर'. फोल्डरचं नाव चुकलं तर फाइल तिथेच थांबते. ही शेपूट नसेल तर बॅच फाइल निमूटपणे पुढची ओळ घेते आणि जिथे उभी असेल तिथल्याच फाइल्स उचलायला लागते. ते फोल्डर कोणतं असेल याचा नेम नाही.

तिसरी ओळ कामाची यादी करते. प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, तारका म्हणजे काहीही कितीही. इथे मी आधी आळस करून नुसतं आयएमजी, प्रश्नचिन्ह, २० आणि तारका इतकंच लिहायचो. मग एका जुन्या कॅमेऱ्याचा आयएमजी_२०१५ हा फोटो, म्हणजे त्या कॅमेऱ्यावरचा दोन हजार पंधरावा फोटो, थेट २०१५ सालात जाऊन बसला. म्हणून सहा प्रश्नचिन्हं आणि त्यानंतरची रेघ ठेवा. तिच्यामुळे फक्त पूर्ण तारीख असलेलीच नावं पकडली जातात. तुमच्याकडे शेवटी जेपीइजी असलेल्या फाइल्स असतील तर तोच नमुना जेपीइजी करून जागा सोडून पुढे जोडा.

टक्क्याचं चिन्ह दोनदा का, हे ताईनेही विचारलं. बॅच फाइलमध्ये लिहिताना दोन, काळ्या खिडकीत थेट टाइप करताना एक, इतकंच. इंटरनेटवरून उचललेली ओळ चालत नाही तेव्हा दहातल्या पाच वेळा हेच कारण असतं.

आणि सगळं काम फॉरच्या पुढेच का केलं नाही, वेगळा 'हलवा' कशाला? (गोड पदार्थ नव्हे, इकडून तिकडे हलवा.) फॉरच्या पुढे कंसात जे लिहू ते विंडोज आधी एका दमात वाचतं आणि टक्क्यांमधल्या शब्दांच्या जागी त्या क्षणी असलेली किंमत भरून टाकतं. त्या क्षणी 'नाव' रिकामंच असतं. मग साडेसात हजार फोटोंना एकच, रिकामा पत्ता मिळतो. कॉल केल्याने प्रत्येक फोटोसाठी त्या पाच ओळी नव्याने वाचल्या जातात. यावर डिलेड एक्सपान्शन नावाचा दुसरा इलाज आहे, पण त्यात फाइलच्या नावातलं उद्गारचिन्ह गायब होतं आणि मग फाइल सापडत नाही. मला हा सोपा वाटतो.

आठव्या ओळीत मोजणी शून्यापासून आहे. आय शून्य, एम एक, जी दोन, रेघ तीन, म्हणून साल चारपासून, चार अक्षरं. महिना आठपासून, दोन अक्षरं. सॅमसंगसाठी हेच आकडे ०,४ आणि ४,२ होतील आणि तिसऱ्या ओळीतला नमुना २०??????_*.जेपीजी. सेटच्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. विंडोज ती जागाही नावाचा भाग धरतं.

दहाव्या ओळीत दुबारपुढचं नाव अवतरणचिन्हांत आहे, ते काढू नका. एकच फोटो दोनदा उतरला की नावापुढे कंसात १ लागतो. तो बंद होणारा कंस अवतरणचिन्हांबाहेर राहिला तर विंडोजला वाटतं आपलाच कंस संपला, आणि तिथून पुढे गोंधळ. अवतरणचिन्हांत असला की तो गप्प राहतो.

शेवटच्या ओळीत, शेवटच्या अवतरणचिन्हाआधी एक उलटी तिरकी रेघ आहे. माझे चारशे अकरा फोटो त्या एका रेघेने वाचले असते. ती रेघ म्हणजे 'हे फोल्डरच आहे, फाइलचं नवं नाव नव्हे'. फोल्डर नसेल तर विंडोज चूक दाखवून थांबतं.

चालवून बघा

तालीम.बॅटवर डबल-क्लिक करा. एकही फोटो हलणार नाही, कारण एमडी आणि मूव्ह या दोन्ही आज्ञांच्या आधी इको आहे; त्या फक्त वाचून दाखवल्या जातात. काळ्या खिडकीत ओळी धावताना दिसतील. एमडीची तीच ओळ पुन्हा पुन्हा येईल, कारण तालमीत फोल्डर खरं तयारच होत नाही. ते ठीक आहे.

ओळी हजारांत असतील तर वाचता येणार नाहीत. एक्सप्लोररमध्ये 'फोटो' फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा आणि त्या खिडकीत लिहा:

```
तालीम.बॅट > यादी.टीएक्सटी
```

खिडकी अडकल्यासारखी वाटेल. अडकलेली नसते, 'कुठलीही कळ दाबा' ही पॉजची सूचनाही त्या यादीतच गेलेली असते. ताई इथे पाच मिनिटं वाट बघत बसली होती. थोडं थांबून एक कळ दाबा.

यादी उघडा आणि काय बघायचं ते सांगतो: सालं ओळखीची आहेत का, महिने ०१ ते १२ च आहेत का. २०२४ च्या जागी ०२४० दिसलं तर मोजणी एका अक्षराने चुकली. रिकाम्या जागी दोन उलट्या रेघा सलग दिसल्या तर आठव्या ओळीत टायपिंगची चूक आहे.

दुसरी फाइल: खरी

तालीम.बॅटची प्रत काढून तिला हलवा.बॅट म्हणा. उजवं बटण दाबून 'एडिट'. नवव्या ओळीतला एमडीच्या आधीचा इको काढा. दहावी तशीच. अकरावी ओळ पूर्ण बदला:

```
मूव्ह "%~१" "%कुठे%\" >नल && इको मूव्ह /-वाय "%कुठे%\%~१" "डी:\फोटो\आवक\" >> "डी:\फोटो\उलट.बॅट"
```

नल म्हणजे एन-यू-एल, एकच एल. दोन एल लिहिलेत तर आवकमध्ये त्या नावाची फाइल तयार होते. इको इथे मुद्दाम आहे, तो काढू नका. फोटो नीट हलला, तरच पुढचा भाग चालतो आणि उलट.बॅट या फाइलीत एक ओळ लिहिली जाते: हाच फोटो परत आवकमध्ये आणायची आज्ञा. म्हणजे काम चालू असतानाच परतीचं तिकीट छापलं जातंय. मनासारखं झालं नाही तर उलट.बॅटवर डबल-क्लिक, सगळे फोटो होते तिथे. त्यातला /-वाय म्हणजे 'डोक्यावर बसण्याआधी विचार'. मूव्हला बॅच फाइलमध्येही विचारायला लावायचं असेल तर हाच शब्द.

काम पसंत पडलं की उलट.बॅट पुसून टाका. ठेवलीत तर पुढच्या महिन्यातल्या ओळी तिच्याच खाली जोडल्या जातील, आणि घरातल्या कुणीतरी कुतूहलाने ती उघडली की सहा महिन्यांचं वर्गीकरण एका क्लिकमध्ये परत ढिगात.

पहिल्यांदा साडेसात हजारांवर चालवू नका. आवकमधले फोटो 'आवक-मोठी'मध्ये सरकवा आणि त्यातल्या दहांच्या प्रती आवकमध्ये ठेवा: पाच व्हॉट्सअ‍ॅपचे, तीन कॅमेऱ्याचे, एक स्क्रीनशॉट, एक कंसातल्या १ वाला. हलवा.बॅट चालवा. स्क्रीनशॉट आवकमध्येच राहायला हवा, बाकीचे नऊ घरी पोचायला हवेत. मग पुन्हा तेच दहा टाकून परत चालवा. आता नऊ वेळा 'दुबार' दिसायला हवं आणि एकही फोटो हलायला नको. हे दोन्ही झालं की मोठा ढीग आवकमध्ये आणा.

एकाच ड्राइव्हवर हे डोळ्याचं पातं लवतं तसं होतं, कारण फोटोतला मजकूर हलतच नाही, फक्त त्याच्या पत्त्याची नोंद बदलते. डी वरून पेन ड्राइव्हवर हलवलं तर मात्र आधी प्रत, मग मूळ पुसणं, म्हणून वेळ लागतो. तिथे मूव्ह वापरूच नये असं माझं मत आहे, त्याबद्दल खाली.

शुभ सकाळ

सगळ्यांना खरं हवं असतं ते हे. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त आणि स्वामी, रोज एक गुलाब आणि चहाचा कप. यांना फोटोंतून वेगळं कसं काढायचं?

चित्रात काय आहे ते बॅच फाइलला कळत नाही. तिला कळतो फक्त आकार. अशी चित्रं दहा ठिकाणांहून फिरत येतात आणि बरीचशी लहान असतात. तेव्हा हलवा.बॅटमध्ये आठव्या ओळीनंतर एक ओळ घाला:

```
इफ %~झेड१ एलएसएस १०२४०० सेट "कुठे=डी:\फोटो\लहान"
```

झेड म्हणजे आकार, बाइटमध्ये, आणि १ म्हणजे 'हलवा'ला दिलेली फाइल. एलएसएस म्हणजे पेक्षा कमी. १०२४०० म्हणजे १०० केबी. त्यापेक्षा लहान असलेले सगळे 'लहान'मध्ये. ही गाळणी जाड आहे हे मान्य करून चाला: अंधारात काढलेला किंवा कुणी दहादा फॉरवर्ड केलेला घरचा फोटोही त्यात येतो. म्हणून 'लहान' डोळे मिटून पुसू नका, मोठ्या आयकॉनमध्ये उघडून एकदा वर-खाली करा. ताईच्या 'लहान'मध्ये हजारभर गुलाबांच्या मध्ये आजीचा एकमेव पासपोर्ट फोटो निघाला.

स्क्रीनशॉटना तारखेची फारशी गरज नसते. त्यांना दोन ओळी पुरतात, चौथ्या ओळीतल्या पॉजच्या आधी:

```
इफ नॉट एक्झिस्ट "डी:\फोटो\स्क्रीनशॉट" एमडी "डी:\फोटो\स्क्रीनशॉट"
मूव्ह /-वाय स्क्रीनशॉट_*.* "डी:\फोटो\स्क्रीनशॉट\"
```

कॅमेऱ्याचे आणि आयफोनचे फोटो

निकॉनचा डीएससी_०००१, कॅननचा किंवा आयफोनचा आयएमजी_०००१: या नावांत तारीखच नाही. शिवाय क्रमांक ९९९९ ला पोचला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, त्यामुळे दोन वेगळ्या लग्नांत दोन वेगळे डीएससी_०४१२ असतात. दोन कार्डं एका फोल्डरात ओतताना 'रिप्लेस' दाबलं की एका लग्नातला एक फोटो गेला.

या फोटोंची खरी तारीख फाइलच्या पोटात, एक्झिफ नावाच्या नोंदीत असते. बॅच फाइलला ती थेट वाचता येत नाही. त्यासाठी फिल हार्वी यांचं एक्झिफटूल हे मोफत साधन आहे. ते उतरवून घ्या आणि बॅच फाइलमधून असं चालवा:

```
एक्झिफटूल -डी "डी:/फोटो/%%वाय/%%एम" "-डिरेक्टरी<डेटटाइमओरिजिनल" "डी:\फोटो\कॅमेरा"
```

यात वाय मोठ्या लिपीतला, एम आणि पहिला डी छोट्या. डेट, टाइम, ओरिजिनल तिन्ही जोडून. हे साधन साल-महिन्याची फोल्डर्स स्वतः करतं, आणि त्याच नावाची फाइल तिथे आधीच असेल तर तिला हात न लावता तशी सूचना देतं. मूव्हपेक्षा सभ्य आहे. आयफोनच्या हाइक (एचइआयसी) फाइल्सही त्याला वाचता येतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंवर मात्र याचा उपयोग नाही. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप एक्झिफची नोंद काढून टाकतं. तिथे नावच खरं, आणि कॅमेऱ्याकडे पोटातली नोंद खरी. दोन्ही ढीग म्हणूनच वेगवेगळे ठेवा.

बाहेरच्या हार्ड डिस्कवर

इथे मूव्ह नको, रोबोकॉपी ही प्रत काढणारी आज्ञा घ्या. विंडोज व्हिस्टापासून ती विंडोजमध्येच आहे, वेगळी बसवावी लागत नाही.

```
रोबोकॉपी "डी:\फोटो" "ई:\फोटो" *.जेपीजी *.जेपीइजी *.पीएनजी *.एचइआयसी /एस /एक्ससी /एक्सएन /एक्सओ /एल
```

शेवटचा /एल म्हणजे तालीम. यादी बघा, पटली की तेवढा काढून पुन्हा चालवा. /एस ने आतली फोल्डर्स जातात. एक्सने सुरू होणारे तीन शब्द मिळून एकच सांगतात: तिकडे त्या नावाची फाइल असेल तर तिला हात लावू नकोस.

दोन सापळे. मूव्हमध्ये फोल्डरच्या शेवटी उलटी रेघ हवीच होती. रोबोकॉपीत अवतरणचिन्हाआधी ती दिलीत तर ती अवतरणचिन्हालाच गिळते आणि सगळी ओळ बिघडते; म्हणून वर दिलेली नाही. आणि /एमआयआर हा शब्द इंटरनेटवर सगळीकडे दिसेल. तो तिकडचं फोल्डर इकडच्यासारखं हुबेहूब करतो, म्हणजे इकडे नसलेलं तिकडचं सगळं पुसतो. इकडे चुकून काही उडालं असेल तर बॅकअपमधूनही उडतं. फोटोंसाठी वापरू नका.

झाल्यावर रोबोकॉपी एक आकडा मागे ठेवते. तो १ आला म्हणून घाबरू नका, १ म्हणजे फाइल्स गेल्या. ८ किंवा जास्त म्हणजे काहीतरी राहिलं. पुढच्या ओळीत हे लिहिलं की कळतं:

```
इफ एररलेव्हल ८ इको काही फोटो राहिले
```

'काही फोटो राहिले' इंग्रजी अक्षरांतच लिहा. देवनागरी हवंच असेल, किंवा फोल्डरांना 'दिवाळी', 'बारसं' अशी नावं द्यायची असतील, तर फाइल यूटीएफ-८ या देवनागरी सांभाळणाऱ्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करून पहिल्या ओळीखाली सीएचसीपी ६५००१ लिहावं लागतं. महिन्यांना मात्र ०१, ०२ च ठेवा. जानेवारी, फेब्रुवारी केलंत तर एक्सप्लोरर ते वर्णानुक्रमाने लावणार आणि ऑगस्ट जानेवारीच्याही वर येऊन बसणार.

ताईकडे शेवटी आवकमध्ये छत्तीस फाइल्स उरल्या, कुठल्याच नमुन्यात न बसणाऱ्या. त्यांच्यासाठी आणखी ओळी लिहायच्या का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं, त्या हाताने उचलून ठेव, पाच मिनिटांचं काम आहे. आणि बाहेरच्या डिस्कवर दहा-वीस फोटो उघडून बघितल्याशिवाय फोनमधले पुसू नकोस.